रंगद्रव्य-चूर्णांचे कणमान : संकल्पना, मापनपद्धती आणि ग्रामीण महाविद्यालयाची प्रयोगशाळा

बीजशब्द : रंगद्रव्य, कणमान, समतुल्य व्यास, अवसादन, स्टोक्सचा नियम, स्फटिककण, गेरू

प्रस्तावना

गारगोटी हे भुदरगड तालुक्यातील गावाचे नाव आहे, तसेच ते पांढऱ्या, टणक, ठिणगी पाडणाऱ्या दगडाचेही नाव आहे. रसायनशास्त्राच्या भाषेत हा दगड म्हणजे क्वार्ट्झ, अर्थात सिलिकॉन डायऑक्साइड होय. गावाच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर जांभा खडक आढळतो. त्याचा तांबडा-पिवळा रंग हेमॅटाइट आणि गोएथाइट या लोहखनिजांमुळे आलेला असतो. गेरू, काव, हिरमुजी या नावांनी ओळखली जाणारी तांबडी माती याच खनिजांची बनलेली असते. तुळशीवृंदावनाला दिलेला गेरू, कोकण-गोव्यातील देवळांच्या चुन्याच्या भिंतींवरची कावी चित्रे आणि अजिंठ्याच्या लेण्यांतील तांबडे रंग या सर्वांमागे लोहाची ही ऑक्साइडेच आहेत.

रंगद्रव्य आणि रंजक यांत मूलभूत फरक आहे. रंजक द्रवात विरघळतो, तर रंगद्रव्य विरघळत नाही. ते सूक्ष्म कणांच्या रूपानेच माध्यमात तरंगत राहते आणि कणांच्या रूपानेच पृष्ठभागावर बसते. त्यामुळे रंगद्रव्याची छटा, झाकणशक्ती, तेल शोषण्याची क्षमता आणि तळाशी बसण्याची गती हे गुणधर्म रासायनिक घटनेइतकेच कणांच्या आकारमानावर अवलंबून असतात. हेमॅटाइटचे कण सुमारे ०.१ मायक्रोमीटरचे असतील तर रंग पिवळसर तांबडा दिसतो. तेच कण अर्धा ते एक मायक्रोमीटरचे झाले की छटा जांभळ्याकडे झुकते. रासायनिक विश्लेषणात मात्र दोन्ही नमुने सारखेच ठरतात. पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडची झाकणशक्ती ०.२ ते ०.३ मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्या आकारमानाला, सर्वाधिक असते. ॲझुराइट या निळ्या खनिजाच्या बाबतीत अनुभव उलट आहे. ते जाडसर कुटले तर गडद निळे दिसते आणि अति बारीक वाटले तर फिके पडते. तेव्हा ‘जितके बारीक तितके चांगले’ हा समज सर्वत्र लागू पडत नाही. रांगोळीची पूडही मुद्दाम रवाळ ठेवतात, कारण पिठासारखी पूड चिमटीतून सुटत नाही.

प्रस्तुत लेखात रंगद्रव्य-चूर्णाचे कणमान म्हणजे नेमके काय, ते मोजण्याच्या पद्धती कोणत्या, त्या एकमेकींपासून वेगळी उत्तरे का देतात आणि महागडी उपकरणे नसलेल्या महाविद्यालयात विश्वासार्ह मापन कसे करता येईल, याचे विवेचन केले आहे.

कणमान : एक संख्या की अनेक?

गोलाचे आकारमान व्यास या एकाच संख्येने सांगता येते. परंतु दळलेल्या खनिजाचे कण गोल नसतात. ते कोनीय, चपटे किंवा सुईसारखे असतात. अशा कणाचा ‘व्यास’ असा काही नसतो. म्हणून व्यवहारात समतुल्य गोलाची कल्पना वापरली जाते. कणाचा कोणता तरी एक गुणधर्म मोजायचा आणि तोच गुणधर्म असणाऱ्या गोलाचा व्यास कणाच्या नावावर मांडायचा, अशी ही रीत आहे. चाळणीतून जो गोल जेमतेम पार होईल त्याचा व्यास म्हणजे चाळणी-व्यास. जो गोल त्याच वेगाने पाण्यात खाली बसेल त्याचा व्यास म्हणजे स्टोक्स-व्यास. सूक्ष्मदर्शकाखाली जितकी सावली पडते तितक्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे प्रक्षेप-व्यास. केओलिन किंवा अभ्रक यांच्यासारखे चपटे कण काचपट्टीवर आडवे पडतात, म्हणून त्यांचा प्रक्षेप-व्यास मोठा येतो. तेच कण पाण्यात हळूहळू उतरतात, म्हणून त्यांचा स्टोक्स-व्यास लहान येतो. या दोन्ही मापनांत चूक नाही. त्यांनी विचारलेले प्रश्न वेगळे आहेत, एवढेच.

दुसरी अडचण सरासरीची आहे. एखाद्या चूर्णात १ मायक्रोमीटर व्यासाचे १००० गोल आणि १० मायक्रोमीटर व्यासाचा एकच गोल आहे, असे समजू. कण मोजून सरासरी काढली तर व्यास सुमारे १.०१ मायक्रोमीटर येतो. पण व्यास दसपट झाला की वस्तुमान हजारपट होते. त्यामुळे त्या एकट्या मोठ्या कणाचे वस्तुमान उरलेल्या हजार कणांच्या एकत्रित वस्तुमानाइतके भरते. वस्तुमानाला महत्त्व देऊन सरासरी काढली तर ती ५.५ मायक्रोमीटर येते. पृष्ठभागाच्या हिशेबाने काढली तर सुमारे १.८ मायक्रोमीटर येते. चूर्ण एकच असून तीन उत्तरे मिळतात आणि तिन्ही बरोबर आहेत. म्हणून ‘सरासरी कणमान इतके’ एवढेच विधान अपूर्ण ठरते. सरासरी संख्येवर, पृष्ठभागावर की वस्तुमानावर आधारित आहे, हे सांगणे आवश्यक असते.

तिसरी अडचण गुठळ्यांची आहे. मुळातले सुटे कण, एकमेकांना घट्ट जुळून बसलेले पुंजके आणि सैलपणे चिकटलेल्या गुठळ्या अशा तीन पातळ्या चूर्णात असतात. घोटण्याने किंवा योग्य विक्षेपकाने सैल गुठळ्या फुटतात, घट्ट पुंजके सहसा फुटत नाहीत. मापनापूर्वी नमुना कसा फोडला, यावर उत्तर अवलंबून राहते.

प्रचलित पद्धती आणि त्यांच्या मर्यादा

चाळणी : वैद्याची वस्त्रगाळ पूड ही चाळणी-पद्धतीचीच जुनी आवृत्ती होय. आज भारतीय मानक आयएस ४६० नुसार प्रमाणित चाळण्या मिळतात. रंगद्रव्यांसाठी ४५ मायक्रोमीटरची चाळणी विशेष उपयोगी पडते. कोरडी बारीक पूड जाळीवर अडकते, म्हणून पाण्याच्या धारेखाली ओले चाळण करून उरलेला चोथा वाळवून तोलतात. आयएसओ ७८७ या मानकाच्या सातव्या भागात ही पद्धत दिलेली आहे. रंगाच्या लेपावर ओरखडे उठवणारे मोठे कण किती आहेत, हे यावरून कळते. परंतु चांगल्या रंगद्रव्याचा बहुतांश भाग चाळणीखाली निघून जातो आणि त्याच्याविषयी चाळणी काहीच सांगत नाही.

सूक्ष्मदर्शक : कणांचे रूप प्रत्यक्ष दाखवणारी हीच एक पद्धत आहे. प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची भेदनक्षमता सुमारे ०.२ ते ०.३ मायक्रोमीटर असते, तरी आकारमानाचे भरवशाचे मापन साधारण १ मायक्रोमीटरच्या वरच होते. नेत्रिकेतील मोजपट्टी प्रमाणित काचपट्टीवर पडताळून घ्यावी लागते आणि निदान काही शे कण मोजावे लागतात. मिळणारी सरासरी संख्येवर आधारित असते, ही गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे.

लेसर-विवर्तन : कणांवर पडलेला लेसरकिरण लहान कणांमुळे मोठ्या कोनात आणि मोठ्या कणांमुळे लहान कोनात विखुरतो. या आकृतिबंधावरून संगणक कणमानाची वाटणी काढतो. ही पद्धत जलद आहे आणि तिच्यासाठी आयएसओ १३३२० हे मानक आहे. मात्र काही मायक्रोमीटरपेक्षा लहान कणांसाठी गुस्ताव मी यांनी १९०८ साली मांडलेला सिद्धांत वापरावा लागतो आणि त्यासाठी पदार्थाचा अपवर्तनांक व प्रकाशशोषण यंत्राला पुरवावे लागते. हेमॅटाइटचा अपवर्तनांक ३ च्या जवळपास आहे. यंत्रात दुसऱ्याच पदार्थाचा आकडा राहिला असेल, तर छापून आलेला सुबक आलेखही चुकीचा असू शकतो.

गतिमान प्रकाश-विकिरण : नॅनोकणांच्या ब्राउनीय हालचालीवरून, १९०५ च्या स्टोक्स-आइन्स्टाइन संबंधाच्या आधारे, कणाचा द्रवासह फिरणारा व्यास काढला जातो. तरंगलांबीपेक्षा बरेच लहान असलेले कण व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात प्रकाश विखुरतात. म्हणजे १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका प्रकाश विखुरतो. थोडी धूळ किंवा मोजक्या गुठळ्या असल्या तरी निकाल झाकोळला जातो.

पृष्ठक्षेत्र : ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांनी १९३८ साली मांडलेल्या पद्धतीने वायूच्या अधिशोषणावरून एक ग्रॅम चूर्णाचे पृष्ठक्षेत्र मिळते. ६ ला घनता आणि पृष्ठक्षेत्र यांच्या गुणाकाराने भागले की समतुल्य व्यास निघतो. घनता ५.२ आणि पृष्ठक्षेत्र १० चौरस मीटर प्रति ग्रॅम असेल तर व्यास सुमारे ०.११५ मायक्रोमीटर येतो. कण सच्छिद्र असतील तर हा आकडा खऱ्यापेक्षा लहान येतो.

स्फटिककण म्हणजे कण नव्हे

प्रबंध आणि शोधनिबंधांत वारंवार आढळणाऱ्या एका गफलतीकडे येथे लक्ष वेधणे आवश्यक आहे. क्ष-किरण विवर्तनाच्या शिखराच्या रुंदीवरून शेरर यांच्या १९१८ च्या सूत्राने जो आकडा निघतो, तो पुष्कळदा ‘कणमान’ म्हणून छापला जातो. वस्तुतः तो स्फटिककणाचा, म्हणजे अणूंची मांडणी ज्या अंतरापर्यंत अखंड आणि सुसंगत राहते त्या प्रदेशाचा आकार असतो. चूर्णाच्या एका कणात असे अनेक स्फटिककण जुळलेले असू शकतात. राजगिऱ्याचा दाणा मोजून लाडवाचा व्यास सांगता येत नाही, तसेच हे आहे. शिवाय स्फटिककण सुमारे १०० ते २०० नॅनोमीटरपेक्षा मोठे झाले की शिखराची रुंदी उपकरणाच्या स्वतःच्या रुंदीत मिसळून जाते आणि सूत्र निरुपयोगी ठरते. स्फटिकातील ताणामुळेही शिखर रुंदावते. दळलेल्या चूर्णात असा ताण हमखास असतो.

परिणामी, अनेक मायक्रोमीटरचा गेरू ‘३० नॅनोमीटर कणमानाचे नॅनोचूर्ण’ म्हणून नोंदला जाऊ शकतो. त्या आकड्यावर पुढचा विद्यार्थी आपला प्रयोग उभारतो, छटेचे आणि अभिक्रियेच्या वेगाचे स्पष्टीकरण त्यावरून देतो आणि चूक पिढीजात होते. तेच चूर्ण पाणी भरलेल्या नळीत हलवून ठेवले आणि ते दहा मिनिटांत तळाशी बसले, तर ते सुटे नॅनोकण नाहीत, हे कोणत्याही यंत्राशिवाय सिद्ध होते.

अवसादन : निथळण्यामागील शास्त्र

गेरू स्वच्छ करण्याची जुनी रीत सर्वपरिचित आहे. गेरू पाण्यात कालवायचा, रेव तळाशी बसू द्यायची, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचे आणि ते निवळल्यावर तळाचा मऊ गाळ वाळवायचा. या क्रियेत मोठे कण आधी बसतात आणि लहान कण मागाहून, या तत्त्वाचा उपयोग केलेला आहे. जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ साली या तत्त्वाला गणिती रूप दिले. त्याचा आशय असा :

कणाचा स्थिर वेग = (कणाची घनता − द्रवाची घनता) × गुरुत्वत्वरण × व्यासाचा वर्ग ÷ (१८ × द्रवाची श्यानता)

वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे व्यास दसपट कमी झाला की बसण्याचा काळ शंभरपट वाढतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात १० सेंटिमीटर अंतर उतरण्यास लागणारा काळ या सूत्रावरून पुढीलप्रमाणे येतो.

| व्यास (मायक्रोमीटर) | हेमॅटाइट (घनता ५.२) | गारगोटी (घनता २.६५) |
|---|---|---|
| २० | १ मिनिट ३७ सेकंद | ४ मिनिटे ७ सेकंद |
| १० | ६ मिनिटे २९ सेकंद | १६ मिनिटे २८ सेकंद |
| ५ | २६ मिनिटे | १ तास ६ मिनिटे |
| २ | २ तास ४२ मिनिटे | ६ तास ५२ मिनिटे |
| १ | १० तास ४८ मिनिटे | २७ तास २७ मिनिटे |

याच तत्त्वावर डेन्मार्कचे आंद्रेआसेन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पिपेट-पद्धत विकसित केली. द्रवातील गुरुत्व-अवसादनासाठी आजही आयएसओ १३३१७ हे मानक आहे. मूळ उपकरण उपलब्ध नसल्यास ५०० मिलिलिटरची मोजनळी, १० मिलिलिटरची पिपेट, तापमापक, शुष्कन-भट्टी आणि ०.१ मिलिग्रॅमपर्यंत तोलणारा तराजू एवढ्या साहित्यावर अध्यापनासाठी पुरेसे मापन होते.

कृती अशी आहे. चूर्णाच्या ढिगाचा शंकू करून त्याचे चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन भाग ठेवून पुन्हा तीच क्रिया करावी आणि अशा रीतीने प्रातिनिधिक नमुना घ्यावा. पिशवीच्या वरचा चमचाभर नमुना घेणे अयोग्य आहे, कारण हलवाहलवीत लहान आणि मोठे कण आपोआप वेगळे झालेले असतात. सुमारे ५ ग्रॅम चूर्ण, लिटरला अर्धा ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घातलेल्या थोड्या पाण्यात चांगले घोटावे. मग त्याच द्रावणाने ५०० मिलिलिटरपर्यंत भरून नळीचे तोंड बंद करावे, ती उलटसुलट करून मिश्रण एकजीव करावे आणि स्थिर ठेवावी. लगेच एक आणि नंतर ठरलेल्या वेळी एकेक असे १० मिलिलिटर द्रव १० सेंटिमीटर खोलीवरून हळुवार काढून, वाळवून तोलावे. प्रत्येक वजनातून विक्षेपकाचे ५ मिलिग्रॅम वजा करावेत. सुरुवातीच्या सुमारे १०० मिलिग्रॅमच्या तुलनेत उरलेले वस्तुमान म्हणजे त्या वेळेशी जुळणाऱ्या व्यासापेक्षा लहान कणांचे प्रमाण होय. प्रत्येक वेळी पाण्याची पातळी सुमारे अर्धा सेंटिमीटर उतरते, म्हणून खोली दर वेळी मोजून हिशेबात घ्यावी.

या पद्धतीतील दक्षता

पहिली दक्षता तापमानाची आहे. पाण्याची श्यानता २० अंशांना १.००, तर ३० अंशांना ०.८० मिलिपास्कल-सेकंद असते. दहा अंशांच्या फरकाने बसण्याचा काळ वीस टक्के बदलतो आणि व्यासात सुमारे अकरा टक्के चूक होते. हिवाळ्यातील सकाळ आणि दुपार यांत असा फरक सहज पडतो. नळी पाण्याच्या मोठ्या पात्रात, उन्हापासून दूर ठेवल्यास तापमान स्थिर राहते आणि द्रवात अभिसरणाचे प्रवाहही उठत नाहीत.

दुसरी दक्षता घनतेची आहे. नैसर्गिक गेरू हे मिश्रण असते. त्यात लोहखनिजांबरोबर केओलिन आणि गारगोटीचे कण असतात. १० मायक्रोमीटरचा हेमॅटाइटचा कण आणि सुमारे १६ मायक्रोमीटरचा गारगोटीचा कण एकाच वेगाने उतरतात, म्हणून अवसादनाला ते दोन्ही सारखेच. अशा वेळी कोणती घनता गृहीत धरली, ते निकालासोबत लिहिणे हाच प्रामाणिक मार्ग होय.

तिसरी दक्षता व्याप्तीची आहे. हेमॅटाइटसारख्या जड कणांसाठी सुमारे ४० मायक्रोमीटरच्या वर स्टोक्सचा नियम ढिला पडतो. तेथून पुढचे काम ४५ मायक्रोमीटरची चाळणी करते. १ मायक्रोमीटरच्या खाली ब्राउनीय हालचाल अडथळा आणते. तेथे अपकेंद्री यंत्र किंवा लेसर यांची गरज भासते. त्यासाठी नमुना विद्यापीठातील सामाईक उपकरण-केंद्राकडे पाठवणे योग्यच आहे. पण नमुन्यासोबत घनता, अपवर्तनांक, विक्षेपक आणि घोटण्याची रीत यांचे टिपण जायला हवे.

चौथी दक्षता आरोग्याची आहे. हवेतील साधारण ४ मायक्रोमीटर आणि त्याहून लहान कण फुप्फुसाच्या अगदी आतल्या भागापर्यंत पोचतात. स्फटिकरूप सिलिकाच्या धुळीमुळे सिलिकोसिस होतो आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली व्यवसायातून श्वसनावाटे जाणाऱ्या या धुळीचा मानवी कर्करोगकारकांत समावेश केला आहे. गेरूत गारगोटी असू शकते, ही गोष्ट तांबड्या रंगाखाली विसरली जाते. म्हणून विद्यार्थ्यांकडून कोरडे कुटणे आणि कोरडे चाळणे करून घेऊ नये. ओले घोटणे, ओले चाळणे, योग्य प्रतीचा मुखपट्टा आणि ओल्या फडक्याने टेबल पुसणे यांची सवय लावावी.

निष्कर्ष

१) कणमान हा चूर्णाचा एकमेव, स्वयंसिद्ध गुणधर्म नाही. ते एका विशिष्ट पद्धतीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. म्हणून पद्धतीशिवाय दिलेला आकडा निरर्थक ठरतो.

२) निकालासोबत समतुल्य व्यासाचा प्रकार, सरासरीचा आधार, नमुना घेण्याची व फोडण्याची रीत, गृहीत घनता किंवा अपवर्तनांक आणि तापमान यांची नोंद असावी. एका सरासरीऐवजी ज्या व्यासांपेक्षा अनुक्रमे १०, ५० आणि ९० टक्के वस्तुमान लहान आहे, असे तीन व्यास द्यावेत.

३) क्ष-किरण विवर्तनातून मिळालेला आकडा ‘स्फटिककणाचा आकार’ म्हणूनच लिहावा. मार्गदर्शक आणि परीक्षक यांनी हा भेद काटेकोरपणे पाळल्यास अनेक चुकीचे निष्कर्ष टळतील.

४) चाळणी, सूक्ष्मदर्शक आणि अवसादन या तीन साध्या पद्धती एकाच नमुन्यावर वापरल्यास विद्यार्थ्याला तीन भिन्न उत्तरे मिळतात. ती भिन्न का आली याचा शोध घेणे, हेच मापनशास्त्राचे खरे शिक्षण होय.

गारगोटी येथे १९५२ साली स्थापन झालेल्या श्री मौनी विद्यापीठाच्या उभारणीमागे शिक्षण ग्रामीण परिसराशी जोडण्याचा विचार होता. परिसरातील जांभा, गेरू आणि गारगोटी ही या विचाराला अनुरूप अशी अभ्याससामग्री आहे. मोजनळीत दहा तास उतरणारा तांबडा गाळ पाहून, त्याच्या वेळा नोंदवून आणि सूत्राशी ताडून विद्यार्थ्याने स्वतः काढलेला आकडा, त्याच्या सर्व मर्यादांसह लिहिला गेला, तर तो यंत्राने छापून दिलेल्या परंतु न समजलेल्या आकड्यापेक्षा अधिक मोलाचा ठरेल.